उधळ्या ताऱ्यांचा वारा

ओझरकरांना सुखोईचं कौतुक सांगायला नको. एचएएलच्या कारखान्यातलं हे विमान पूर्ण ताकदीनिशी तासाला सुमारे 2100 किलोमीटर जातं. जवळपास तेवढंच अंतर एका सेकंदात कापणारा वारा विश्वात आहे. तो सुटतो तप्त, अवजड ताऱ्यांवरून.

वारा सूर्यालाही आहे, पण त्यापायी सूर्याचं जे वजन घटतं ते नगण्य. 30 ते 50 हजार अंश तापमानाचे 'ओ' वर्गातले तारे मात्र उधळे. त्यांतले तेजस्वी तारे दहा लाख वर्षांत एका सूर्याइतकं द्रव्य अवकाशात फेकून देतात, आणि त्यांचं आयुष्यच मुळी काही दशलक्ष वर्षांचं!

या वाऱ्याला ढकलतो तो प्रकाश. लोह, कार्बन, नायट्रोजन यांचे आयन ठरावीक तरंगलांबीचे अतिनील किरण शोषतात आणि दर शोषणाला त्यांना बाहेरच्या दिशेने धक्का बसतो. हे आयन किरकोळ संख्येचे, पण टकरा घेत घेत सगळ्या हायड्रोजन-हेलियमलाही ते बरोबर ओढून नेतात. कॅस्टर, ॲबट आणि क्लाइन यांनी 1975 मध्ये याचं गणित मांडलं. आजचे हिशेबही त्याच पायावर उभे आहेत.

पुरावा मिळतो अतिनील वर्णपटात, पण आपलं वातावरण ते किरण जमिनीपर्यंत येऊच देत नाही. खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड मॉर्टन यांनी अग्निबाणावरून टिपलेले वर्णपट 1967 मध्ये प्रसिद्ध केले. तारे कोणते, तर मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन! वर्णपटातल्या रेषा निळ्या बाजूला सरकल्या होत्या, म्हणजे वायू सेकंदाला हजाराहून जास्त किलोमीटर वेगाने आपल्याकडे धावत होता. पिढ्यान्‌पिढ्या आपण मृगावरून पावसाचे आडाखे बांधले. वाराही तिथेच सापडावा, याची मला गंमत वाटते.

वारा मृगातच सापडतो, मग त्याच्या अभ्यासाला मॅजेलन मेघांसारख्या शेजारच्या दीर्घिकांकडे कशाला जायचं? आपल्या आकाशगंगेत धूळ आड येते आणि ताऱ्यांची अंतरं नीट कळत नाहीत. दुसऱ्या दीर्घिकेतले तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे तुलना सोपी जाते. पण खरं कारण लोहाचं. लोहासारख्या जड मूलद्रव्यांचं प्रमाण मोठ्या मॅजेलन मेघात सूर्याच्या निम्मं, लहान मेघात जेमतेम पाचवा हिस्सा. धक्का झेलणारे आयन कमी, म्हणून वारा दुबळा. हे तपासायला हबल दुर्बिणीने 2020 नंतर दोन्ही मेघांतल्या अशा ताऱ्यांचे अतिनील वर्णपट मोठ्या मोहिमेत गोळा केले.

आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून निघाला. त्यावरची यूव्हीआयटी ही 37.5 सेंटिमीटर आरशांची जुळी अतिनील दुर्बीण बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने पुण्याच्या आयुकासह इतरांच्या साथीने घडवली. लहान मेघ आणि देवयानी दीर्घिका तिने टिपल्या आहेत. तिचं मुख्य काम छायाचित्रणाचं. तारा किती तप्त हे ती सांगते. वाऱ्याचा वेग हवा तर हबलच्या वर्णपटांकडेच जावं लागतं.

या सगळ्याचा हिशेब लागतो तो कृष्णविवरांपाशी. तारा आयुष्यभर द्रव्य उधळत राहिला तर शेवटी उरणारं कृष्णविवर हलकं. वारा दुबळा असेल तर भारी. 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिल्यांदा पकडलेल्या गुरुत्वीय लहरी 36 आणि 29 सूर्यांएवढ्या कृष्णविवरांच्या मीलनातून आल्या होत्या. इतकी वजनदार विवरं घडायला लोहाने गरीब तारेच हवेत, असा निष्कर्ष तेव्हा निघाला. अशाच लहरी टिपण्यासाठी उभारायच्या, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याच्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी रुपये मंजूर केले. मॅजेलन मेघांतल्या वाऱ्याचं मोजमाप मराठवाड्याच्या कामाचं आहे ते असं.

ओझरहून मोठा मेघ जेमतेम क्षितिजाला टेकतो, लहान उगवतच नाही. पण त्रिकोण तारकासमूहातली एम 33 ही दीर्घिका, सुमारे 27 लाख प्रकाशवर्षांवरची, लक्ष्मीपूजनाच्या अमावस्येला रात्री अकरा-साडेअकराच्या सुमारास जवळपास डोक्यावर येते. विल्यम हर्शेलने 1784 मध्ये नोंदलेला एनजीसी 604 हा तेजोमेघ तिच्यातलाच. त्यात 200 हून अधिक तप्त, अवजड तारे आहेत आणि त्यांच्या वाऱ्यांनी मेघात पोकळ्या कोरल्या आहेत. द्विनेत्रीतून एम 33 पुसट डागासारखी दिसते, एनजीसी 604 साठी मात्र बरी दुर्बीण हवी. फटाक्यांचा धूर आड आलाच तर कार्तिक अमावस्येपर्यंत थांबा. तेव्हा ती साडेनऊलाच माथ्यावर असेल.