कप टेबलावर आहे की हवेत?

आज थ्रीडीतली एक चूक सांगतो, जी मी स्वतः केली आहे.

ब्लेंडरमध्ये टेबल बनवलं, वर कप ठेवला. समोरून एकदम मस्त! सबमिशनच्या दिवशी सकाळी बाजूने रेंडर काढला, तर कप टेबलाच्या मागे, चक्क हवेत. रात्रभर जागलो ते पाण्यात.

असं का झालं? कारण स्क्रीन सपाट असते. मागचा कप आणि टेबलावरचा कप समोरून सारखाच दिसू शकतो. म्हणून थ्रीडीत दोन कामं वेगळी ठेवायची: आपण फिरणं आणि वस्तू हलवणं. आपण प्रदक्षिणा घालतो तेव्हा मूर्ती जागची हलते का? नाही ना? तसंच.

आधी प्रदक्षिणा. माउसचं मधलं बटण दाबून ओढलं की नजर वस्तूभोवती फिरते. सोबत शिफ्ट दाबलं की नजर बाजूला सरकते. चाक फिरवलं की जवळ-लांब. नमपॅडवर १ म्हणजे समोरून, ३ उजवीकडून, ७ वरून. ५ ने पर्स्पेक्टिव्ह आणि ऑर्थोग्राफिक यांत अदलाबदल होते. ऑर्थोग्राफिकमध्ये लांबची वस्तू लहान दिसत नाही, त्यामुळे मापं जुळवायला सोपं जातं. लॅपटॉपला नमपॅड नाही? प्रेफरन्सेसमध्ये इनपुटखाली 'एम्युलेट नमपॅड' चालू करा. मग वरच्या ओळीतले आकडे तेच काम करतात.

आता वस्तू. जी म्हणजे सरकवा, आर म्हणजे फिरवा, एस म्हणजे लहान-मोठी करा. पुढे एक्स, वाय किंवा झेड दाबलं की बदल त्याच अक्षावर होतो. झेड म्हणजे वर-खाली. आर, झेड, ९०, एंटर: वस्तू उभ्या अक्षाभोवती बरोबर काटकोनात फिरली. मधेच बेत बदलला तर एस्केप.

माझी चूक इथेच होती. मी नुसतं जी दाबून माउसने ओढलं. अक्ष लॉक केला नाही की वस्तू स्क्रीनला समांतर सरकते. समोरून बघत असाल तर ती पुढे-मागे होतच नाही. म्हणून कप होता तितकाच मागे राहिला.

तेव्हा सवय लावा: काहीही ठेवलं की १, ३, ७. तिन्हीकडून बरोबर दिसलं तरच पुढे जायचं.

आणि ब्लेंडर फुकट आहे बरं का! २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारी 'फ्लो' ही अ‍ॅनिमेशन फिल्म याच ब्लेंडरवर बनली आहे. तुम्हीही आज एक कप बनवा. फक्त तो टेबलावरच ठेवा!