वही वाचणारी ताई

संपादकांना बचत गटांवर लेख हवा होता. मी कोलाड निवडलं, कारण या नाक्याबद्दल छापून येतं ते बहुतेक कुंडलिकेतल्या राफ्टिंगचंच. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की तिथे होड्या निघतात. बचत गटांच्या बायकांच्या वार्षिक आमसभेला असं गिऱ्हाईक कुठलं?

मराठी मुलखात स्त्रियांच्या परिषदा जुन्याच. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरलं. १९२७ च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद जमली. १९४२ ला नागपुरात दलित महिला परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला. बचत गटांच्या ‘उमेद’ अभियानाची उतरंड त्यापुढे साधी आहे: दहा ते वीस जणींचा गट, गावातल्या गटांचा ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ. दीपप्रज्वलन, सत्कार, पाहुण्यांची भाषणं कोलाडच्या आमसभेतही झालीच. त्या वेळी मागच्या रांगेत गप्पा रंगल्या होत्या.

लेखापाल ताई माइकजवळ आली आणि गप्पा थांबल्या. तिने वर्षाचा जमाखर्च वाचायला घेतला. कोणत्या गटाला किती कर्ज, किती परतफेड, व्याज किती. वाचन सावकाश, प्रत्येक रकमेनंतर क्षणभर थांबून. समोरच्या निम्म्या जणींना वही वाचता येत नाही, पण स्वतःच्या गटाचा आकडा तोंडपाठ असतो. एका काकींनी हात वर केला. ‘गणपतीत आमच्या गटाने दोन हप्ते भरले. तू एकच वाचलास.’ ताईने पानं मागे उलटली. दुसरा हप्ता व्याजाच्या रकान्यात चढला होता. तिने चुकलेल्या आकड्यावर आडवी रेघ मारली, शेजारी बरोबर आकडा लिहून सही केली. खाडाखोड नाही, ओशाळणंही नाही. काकी खाली बसल्या आणि पुढचा गट आला. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं मी बरीच पाहिली आहेत. अडीचशे माणसांत उभं राहून हिशेबनिसाला अडवण्याची हिंमत तिथे शिकवलेली मला आठवत नाही.

ही वही टिकेल का, याची मात्र धास्ती वाटते. नोंदी आता मोबाइल अ‍ॅपवर जात आहेत. पडद्यावरचा आकडा सभेत मोठ्याने वाचलाच नाही, तर काकी कशाला अडवणार? दारावर येणाऱ्या मायक्रोफायनान्सवाल्यांचं कर्ज या वहीत कुठेच दिसत नाही, आणि गटाचा हप्ता चुकतो तो पुष्कळदा त्यांचा आठवड्याचा हप्ता भरताना. माल विकण्याचं कोडं वेगळंच. पापड करावेत, तर बाजारात पेणच्या पापडाचं नाव आधीच बसलेलं.

सर्वांत अवघड गोष्ट कातकरी वाड्यांची. नियमित बैठक आणि नियमित बचत ही गटांच्या पंचसूत्रीतली पहिली दोन सूत्रं, आणि दिवाळीनंतर ही कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. अशा वाड्यांवर पाच जणींचाही गट चालतो, एवढी सवलत आहे. पण हिशेबाचं वर्ष मार्चअखेर संपतं, म्हणून आमसभा उन्हाळ्यात, आणि तेव्हा वाडी रिकामी. ‘मग जुलैत घ्या ना,’ एकीने सुचवलं. ‘लावणी कोण करणार?’ मागून दोघी-तिघी एकदमच बोलल्या. अध्यक्षांनी विषय पुढच्या मासिक बैठकीवर टाकला आणि जेवणाची पंगत बसली.