आधी उत्तर, मग विस्तार

आपल्या अनेक सभासदांची मुले परदेशी वैद्यकीय सेवेत जाण्याची तयारी करीत आहेत. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीसाठी इंग्रजीचे ज्ञान सिद्ध करावे लागते. त्यासाठी आयईएलटीएस ही परीक्षा मान्य आहे व २०१८ पासून वैद्यकीय व्यावसायिकांसाठीची ओईटीही मान्य झाली. आयईएलटीएसमध्ये एकूण ७.५ आणि प्रत्येक विभागात किमान ७ गुण लागतात.

माझा एक भाचा आजन्म इंग्रजी माध्यमात शिकलेला. तरीही संभाषणात तो ६.५ वर अडला. मी त्याला समोर बसवून विचारले, "इंदुरात तुला कुठे खायला आवडते?" स्वारीने होळकरांपासून प्रारंभ केला! राजवाड्याला वळसा घालून सराफ्यापर्यंत पोहोचेतो मूळ प्रश्न हरवला होता. भाषा निर्दोष होती. उत्तर मात्र नव्हते.

ही परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. प्रथम परिचित विषयांवर प्रश्न येतात. मग विषयपत्रिका देऊन १ मिनिट विचारास व बोलण्यास २ मिनिटांपर्यंत वेळ मिळतो. शेवटी त्याच विषयावर चर्चा होते. ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांना समान महत्त्व आहे. परकी ढब आणण्याची गरज नाही. बोलणे सहज समजले पाहिजे.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि आपल्या बोलण्यातही मुद्दा पुष्कळदा शेवटीच येतो. येथे क्रम उलटा ठेवावा: पहिल्या वाक्यात थेट उत्तर, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात स्वतःचे एखादे उदाहरण, आणि मग थांबावे. प्रश्न कळला नाही तर निःसंकोच पुन्हा विचारावा. पाठ केलेली उत्तरे परीक्षकाच्या ध्यानात येतात, ती टाळावीत.

ओईटीत तर परीक्षार्थीला डॉक्टरच व्हावे लागते. सुमारे ५ मिनिटांचे दोन प्रसंग असतात. समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होते. तेथे भाषेबरोबरच रुग्णाची चिंता जाणून घेणे, माहिती क्रमवार सांगणे आणि ती समजली की नाही हे पाहणे यांचेही मूल्यमापन होते.

हे वाचताना मला माझीच एक चूक आठवली. अनेक वर्षांपूर्वी तापात आकडी आलेल्या बाळाच्या आईने विचारले, "डॉक्टर, याच्या मेंदूला काही होणार नाही ना?" मी तिला आकडीचे प्रकार, वयोमर्यादा, पुनरावृत्तीची शक्यता असे सविस्तर समजावले. आठवड्याने ती आली तेव्हा कळले की ती रात्र-रात्र बाळाच्या उशाशी जागत होती. "तुम्ही 'नाही' असं म्हणालाच नाहीत," एवढेच ती बोलली. त्या बाळाची आकडी साधी होती आणि तशा आकडीने मेंदूला इजा होत नाही. ते एक वाक्य मी आधी उच्चारायला हवे होते.

तेव्हापासून बाह्यरुग्ण कक्षात मी प्रश्नाचे उत्तर आधी देतो, स्पष्टीकरण नंतर. भाच्यालाही हेच सांगितले: परीक्षकाला चिंतातुर आई समज. आपल्या तरुण सभासदांनी हा सराव परीक्षेपुरता न करता घरी मराठीतच आरंभावा. भाषा कोणतीही असो, विचारणारा माणूस उत्तराचीच वाट पाहत असतो.