दूरच्या कर्मचाऱ्यांचे टपाल : ई-मेल सर्व्हरची निवड

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले. राजधानीचा मान भोपाळला मिळाला, उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि महसूल मंडळ, महालेखापाल, भू-अभिलेख, परिवहन अशा खात्यांची मुख्य कार्यालये ग्वाल्हेरच्या वाट्याला आली. सचिवालय सुमारे चारशे किलोमीटर दूर, क्षेत्रीय कर्मचारी झाबुआपासून बालाघाटपर्यंत विखुरलेले आणि दप्तर मात्र ग्वाल्हेरीत, अशी ही व्यवस्था होती. ज्याला आज ‘दूरस्थ कर्मचारी’ म्हटले जाते तो अशा खात्यांना नवा नाही. आपल्याकडचा तलाठी, ज्याला तिकडे पटवारी म्हणतात, तो मुळातच दूरस्थ कर्मचारी होय. त्याचे आणि मुख्य कार्यालयाचे नाते टपालावर टिकून असते.

हे टपाल आता बहुतांशी ई-मेलने जाते. त्यामुळे विखुरलेला कर्मचारीवर्ग असलेल्या प्रत्येक संस्थेपुढे, मग ती पतसंस्था असो, शिक्षणसंस्था असो की दूध संघ, एक प्रश्न उभा राहतो : ई-मेलचा सर्व्हर स्वतः चालवावा की दुसऱ्याकडून सेवा घ्यावी, आणि स्वतः चालवायचा तर कोणत्या आज्ञावलीवर?

ग्वाल्हेर संस्थानापुढे हा प्रश्न एका वेगळ्या रूपात एकोणिसाव्या शतकातच आला होता. शिंद्यांचा मुलूख सलग नव्हता. ग्वाल्हेर, भिंड हा उत्तरेकडील भाग, तर उज्जैन, मंदसौर हा माळव्यातील. मधे इतरांचा अंमल. केवळ संस्थानापुरते टपाल चालविले तर ते सरहद्दीवर अडणार, आणि सर्वस्वी ब्रिटिशांच्या हाती दिले तर स्वतःचा ताबा जाणार. १८८५ साली संस्थानाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालखात्याशी करार करून मधला मार्ग काढला. टपालाचा कारभार संस्थानाचा राहिला. तिकिटे मात्र ब्रिटिश हिंदुस्थानची घेऊन त्यांवर इंग्रजी व नागरी लिपीत संस्थानाचे नाव छापण्यात येऊ लागले. ती तिकिटे लावलेले पत्र संस्थानाबाहेर ब्रिटिश मुलखातही चालत असे. १९५० अखेरपर्यंत ही तिकिटे वापरात होती.

ई-मेलची रचनाही याच तत्त्वावर उभी आहे. टपालघर ज्याचे त्याचे, नियम सर्वांचे एक. सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू राहणारा संगणक व त्यावरील आज्ञावली. तिची कामे तीन. टपाल स्वीकारून पुढच्या सर्व्हरकडे पोचविणे हे पहिले. ते ज्या नियमांनी चालते त्यांना एसएमटीपी म्हणतात व ते १९८२ साली लेखबद्ध झाले. आलेले टपाल जपून ठेवून योग्य माणसाला दाखविणे हे दुसरे, आणि फसवे व घातक टपाल दारातच अडविणे हे तिसरे. पोस्टफिक्स ही १९९८ साली प्रसिद्ध झालेली विनामूल्य आज्ञावली पहिले काम चोख करते. दुसऱ्यासाठी तिच्या जोडीला बहुधा डव्हकॉट ही तशीच विनामूल्य आज्ञावली वापरतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एक्सचेंजमध्ये टपालाबरोबर दिनदर्शिका व बैठकींची नोंदही एकत्र मिळते. मात्र तिला परवाना शुल्क भरावे लागते.

दूरच्या कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने खरे महत्त्व दुसऱ्या कामाला आहे, आणि निवडीच्या वेळी नेमके तेच दुर्लक्षित राहते. टपाल पाहण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पॉप या जुन्या पद्धतीत सर्व्हरवरील टपाल कर्मचाऱ्याच्या संगणकात उतरते आणि सर्व्हरवरून सामान्यतः पुसले जाते. आयमॅप या पद्धतीत मूळ प्रत सर्व्हरवरच राहते. कर्मचारी ती कार्यालयातील संगणकावर, घरी किंवा भ्रमणध्वनीवर पाहू शकतो. फरक किरकोळ वाटतो. परंतु समजा, तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचा संगणक पावसाळ्यात वीज पडून निकामी झाला. पॉप असेल तर शेतकऱ्यांचे अर्ज, मोजणीचे नकाशे, वरिष्ठांचे आदेश सारे त्या यंत्राबरोबर गेले. आयमॅप असेल तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या संगणकावर काम पुढे सुरू होते. आवक-जावक बारनिशी कर्मचाऱ्याने घरी नेऊन ठेवावी, असे कोणतेही कार्यालय होऊ देणार नाही. पॉपने मात्र वर्षानुवर्षे तेच घडले.

आता स्वतःच्या सर्व्हरविषयी. आज्ञावली विनामूल्य आहे म्हणून सर्व्हर विनामूल्य होत नाही. त्याला इंटरनेटवरील कायमचा पत्ता लागतो, अखंड वीज लागते, आणि ‘हे टपाल खरोखर याच संस्थेचे आहे’ असे सिद्ध करणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी बिनचूक ठेवाव्या लागतात. या नोंदी म्हणजे एक प्रकारची लाखेची मोहरच. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून, दररोज ५,००० हून अधिक संदेश जीमेलकडे धाडणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या. पण लहान संस्थेचे टपालही त्यांच्यावाचून सहज नको असलेल्या टपालाच्या ढिगात जाऊन पडते, आणि पाठविणाऱ्याला त्याची वार्ताही लागत नाही.

याहून मोठी जोखीम सुरक्षिततेची. मार्च २०२१ मध्ये एक्सचेंजमधील त्रुटींचा फायदा घेऊन जगभरातील हजारो संस्थांच्या सर्व्हरमध्ये शिरकाव करण्यात आला. कंपनीने २ मार्च रोजी दुरुस्ती उपलब्ध करून दिली होती. तथापि ती स्वतःच्या सर्व्हरवर तत्काळ बसविणे हे ज्या त्या संस्थेचे काम होते, आणि अनेकांकडून ते वेळेत झाले नाही. तेव्हा कोणती आज्ञावली उत्तम, यापेक्षा ती सांभाळणारे निदान दोन जाणकार संस्थेत आहेत काय, हे आधी पाहावे. एकच असेल आणि तो रजेवर गेला, तर सर्व्हरही रजेवर जातो! असे दोघे नसतील, तर सर्व्हर स्वतः चालविण्याचा हट्ट धरू नये. सेवा विकत घेणे श्रेयस्कर.

सरकारी कार्यालयांपुरता हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. केंद्र शासनाने २०१५ साली ई-मेलविषयक धोरण जाहीर करून सरकारी पत्रव्यवहारासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची सेवा नेमून दिली. तरीही घाईच्या वेळी खाजगी खात्यावरून आदेश पाठविण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आढळते, आणि पुढे माहिती अधिकारात कागद मागितला गेला की तो शोधायचा कोठे, असा पेच पडतो.

सेवा दुसऱ्याकडून घेतली तरी एक गोष्ट संस्थेने आपल्याच हाती ठेवावी : ई-मेल पत्त्यातील संस्थेचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. त्याची नोंदणी संस्थेच्या नावावर असावी, संगणक जोडून देणाऱ्या कंत्राटदाराच्या नावावर नव्हे. नोंदणी आपली असली, तर सेवा देणारा बदलूनही पत्ता तोच राहतो. त्याचप्रमाणे पत्ता व्यक्तीच्या नावाऐवजी पदाच्या नावाने असणे हिताचे. मुख्याध्यापक बदलून गेले तरी पालकांचे पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर यावयास हवे.

पत्ता मराठीत असू शकतो काय, हा प्रश्न शिक्षकांकडून नेहमी येतो. असू शकतो. देवनागरीतील ‘.भारत’ या अंत्यनामाची नोंदणी २०१४ पासून सुरू झाली आणि पोस्टफिक्सने २०१५ च्या आवृत्तीत अशा पत्त्यांची सोय केली. अडचण पलीकडच्या बाजूची असते. ज्याला पत्र पाठवायचे त्याच्या सर्व्हरला नागरी अक्षरे उमगली पाहिजेत. यास्तव सध्या नागरी पत्त्याच्या जोडीला रोमन पत्ताही ठेवावा.

कराराच्या वेळी सेवा देणाऱ्यास दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. करार संपल्यावर सर्व टपाल कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळेल, आणि राखीव प्रत कोठे ठेवली जाते. राखीव प्रत आहे, एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. एखादी निरुपयोगी पेटी मुद्दाम पुसून ती राखीव प्रतीवरून परत आणून दाखविण्यास सांगावे, आणि हे काम करार सहीशिक्क्याने पक्का होण्यापूर्वी करून घ्यावे.