बट्सर : बांधून पाहिलेला इतिहास

लोहयुगातल्या गोल घराचं चित्र काढायला सांगितलं, की बहुतेक चित्रकार छपराच्या टोकाला एक भोक ठेवतात आणि त्यातून धुराची रेघ वर सोडतात. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातल्या ‘बट्सर एन्शंट फार्म’ने तसं घर खरोखरच उभं केलं, आत चूल पेटवली आणि हे चित्र निकालात काढलं. टोकाला भोक ठेवलं तर हवेची ओढ वाढते, चूल लोहाराच्या भट्टीसारखी भडकते आणि ठिणग्या गवती छपराकडे झेपावतात. भोक नसेल, तर धूर वर साठतो आणि शाकारणीतून हळूहळू बाहेर पडतो. खाली बसलेल्याला त्याचा जाच कमी होतो, छपरातल्या किड्यांचाही बंदोबस्त होतो.

बट्सरचं काम या पद्धतीने चालतं. जमिनीत सापडलेल्या खुणांवरून अंदाज बांधायचा, तो प्रत्यक्षात उतरवायचा आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवायच्या. या शाखेला प्रायोगिक पुरातत्त्व म्हणतात.

कौन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजीच्या पुढाकाराने 1972 साली ही शेती सुरू झाली. तिची सूत्रं पीटर रेनॉल्ड्स यांच्याकडे आली. मूळचे ते ग्रीक-लॅटिनचे शिक्षक. 2001 साली त्यांचं निधन झालं, तोवर ते बट्सरचे संचालक होते. इ.स.पू. 300च्या सुमाराची, म्हणजे रोमन येण्याआधीची शेतवाडी पुन्हा चालवून पाहायची, हा त्यांचा संकल्प होता. सुरुवात लिटल बट्सर टेकडीवर झाली. 1991पासून शेतीचा मुक्काम चाल्टन गावाजवळ आहे.

डॉर्सेटमधल्या पिंपर्न इथे उत्खननात एका मोठ्या गोल घराचा आराखडा मिळाला होता. हाती होत्या त्या खांबांच्या खळग्या. वरचं सगळं केव्हाच नाहीसं झालेलं. त्यावरून 1976 साली सुमारे 13 मीटर व्यासाचं घर उभं राहिलं. उत्खननात भिंतीबाहेर काही खड्डे दिसले होते आणि ते कशासाठी खणले हे उलगडत नव्हतं. छपराचे मुख्य वासे चढवायची वेळ आली, तेव्हा वाशांची बुडं रोवायला नेमक्या तिथेच जागा लागली. भिंतीचं काम आपल्या कोकणातल्या माणसाला शिकवावं लागणार नाही : काठ्यांचा कूड विणायचा आणि माती, पेंढा, शेण तुडवून त्यावर लिंपण करायचं.

हे घर 1987च्या भीषण वादळातही टिकलं. 1990 साली ते मुद्दाम उतरवलं, तेव्हा बऱ्याच खांबांची जमिनीतली बुडं कुजून गेलेली आढळली. तरीही वरची आडवी कडी आणि वासे एकमेकांना धरून असल्यामुळे घर उभं होतं. खांब कुजला म्हणजे घर पडलं, असा हिशेब पुरातत्त्वज्ञांना त्यानंतर डोळे झाकून मांडता येईना.

पेवांचा प्रयोग मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटेल. दक्षिण इंग्लंडमधल्या लोहयुगीन वस्त्यांत जमिनीत खोल खड्डे सापडतात. एके काळी लोक त्यांतच राहत असावेत, असं समजलं जाई. गेऱ्हार्ड बर्सू यांनी 1938-39मध्ये लिटल वुडबरीचं उत्खनन करून हे खड्डे धान्य साठवणीचे असल्याचं मांडलं. पण ओल धरणाऱ्या हवेत जमिनीखाली धान्य टिकेल कसं? रेनॉल्ड्स यांनी चुनखडीत पेवं खणली, धान्याने गच्च भरली, तोंड चिकणमातीने बंद केलं, वर माती लोटली. कडेच्या आणि तोंडाजवळच्या दाण्यांना ओलीमुळे मोड आले. या दाण्यांनी आतला प्राणवायू संपवला आणि कार्बन डायऑक्साइड सोडला. त्या हवेत बाकीचं धान्य निपचित पडून राहिलं. वसंतात तोंड उघडलं, तेव्हा ते पेरणीलाही चालण्याजोगं होतं. तेच पेव पुन:पुन्हा वापरता येतं, हेही दिसलं. मात्र एकदा उघडलं की ते सगळं रिकामं करावं लागतं. तेव्हा रोजच्या शिध्यापेक्षा बियाणं किंवा व्यापाराचा माल त्यात ठेवत असावेत, असा तर्क निघतो. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

शेतात एमर आणि स्पेल्ट हे जुने गहू पेरले गेले. नांगराचा नमुना घेतला तो डेन्मार्कच्या दलदलीत मिळालेल्या लाकडी नांगराचा, आणि तो ओढायला डेक्स्टर जातीची बुटकी गुरं जुंपली. पीक अपेक्षेहून कितीतरी चांगलं आलं. प्रागैतिहासिक शेतकरी कसाबसा पोट भरत असेल, या समजुतीला त्याने धक्का दिला.

आज बट्सरला शाळांच्या सहली येतात, सुट्टीला कुटुंबं येतात. अश्मयुगापासून सॅक्सन काळापर्यंतची घरं तिथे उभी आहेत. जमिनीखालून उष्ण हवा खेळवणारी रोमन हवेलीही आहे. गारगोटीची हत्यारं घडवणारा कारागीर मांडीवर जाड चामडं टाकतो, दगडी गोट्याने कडा मोकळ्या करतो, मग हरणाच्या शिंगाने कपच्या काढतो. घाव कोणत्या कोनातून बसला, यावर कपची पातळ निघणार की दगडच फुटणार, हे ठरतं. सोए जातीच्या मेंढ्यांना कातर लावावी लागत नाही. हंगामात त्यांची लोकर आपोआप सुटते, ती हाताने उपटून घेतात. मग टकळीवर सूत काढायचं. एका कापडामागे किती हातांचा किती वेळ जात असेल, याचा अंदाज मुलांना पाटीवरचा मजकूर वाचून येत नाही, टकळी हातात धरल्यावर येतो.

या पद्धतीला मर्यादा आहे. घर असं बांधता येतं, एवढंच प्रयोग सिद्ध करतो. ते तसंच बांधलं होतं, हे सिद्ध होत नाही. अशक्य काय होतं, हे मात्र तो ठामपणे सांगतो, आणि छपराच्या भोकासारखी चित्रं पुसायला तेवढं पुरेसं असतं.

आपल्याकडे याची तयारी अर्धी झालेली आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. इ.स.पू. 1600 ते 700 दरम्यानच्या त्या शेतकरी वस्तीतली आधीची चौकोनी घरं, नंतरच्या गोल झोपड्या, खांबांच्या खळग्या, धान्याची पेवं, जवाचं पीक, सगळं नोंदलेलं आहे. कूड घालणारे आणि छप्पर शाकारणारे हातही गावोगावी अजून सापडतात, पण ते म्हातारे होत चालले आहेत. एखाद्या विद्यापीठाने, संग्रहालयाने किंवा ग्रामपंचायतीने त्यांना बोलावून इनामगावचं एक घर बांधून घ्यावं, दहा पावसाळे त्याच्या नोंदी ठेवाव्यात आणि शाळांना दार उघडं ठेवावं. लागणारं सामान माती, लाकूड आणि गवत एवढंच आहे.