मुलाखत, नोकरीसाठी

रिक्त पदासाठी अर्ज केलेल्या उमेदवाराची त्या पदाच्या दृष्टीने योग्यता अजमावण्याकरिता नियोक्त्याने वा निवड समितीने त्याच्याशी समक्ष केलेले हेतुपूर्वक संभाषण. लेखी परीक्षेने उमेदवाराचे ज्ञान व प्रमाणपत्रांवरून त्याचे शिक्षण समजते. तथापि त्याची विचारपद्धती, समयसूचकता, इतरांशी वागण्याची रीत आणि प्रांजळपणा यांचा अंदाज मुख्यत्वे मुलाखतीत येतो. त्यामुळे मुलाखतीतील वर्तन हा केवळ शिष्टाचाराचा भाग नसून निवडीचा एक आधार ठरतो.

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखतीस ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ म्हणतात. २०१३ पासून एकूण २,०२५ गुणांपैकी २७५ गुण तीस आहेत. ही चाचणी उलटतपासणीच्या स्वरूपाची नसून नैसर्गिक, परंतु हेतुपूर्ण संभाषणाच्या स्वरूपाची असते, असे परीक्षेच्या नियमांत स्पष्ट केले आहे. मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्या उमेदवारास ही चाचणीही मराठीतून देता येते.

पूर्वतयारी : मुलाखतीतील बरेच प्रश्न उमेदवाराच्या अर्जातूनच उद्‌भवतात. म्हणून आपला अर्ज पुन्हा काळजीपूर्वक वाचावा व त्यातील प्रत्येक विधानाचे स्पष्टीकरण देता येईल याची खात्री करावी. वाचनाची आवड नमूद करणाऱ्यास अलीकडे वाचलेल्या पुस्तकाविषयी चार वाक्ये सांगता आली नाहीत, तर उर्वरित अर्जाविषयीही शंका निर्माण होते. संस्थेचे कार्य व पदाची कर्तव्ये यांची माहिती करून घ्यावी. मूळ प्रमाणपत्रे, त्यांच्या प्रती, अनुभवाचा दाखला आणि आवश्यक असल्यास विद्यमान नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र क्रमाने लावून ठेवावे. पोशाख स्वच्छ, साधा व पदास साजेसा असावा. ठरलेल्या वेळेपूर्वी सुमारे अर्धा तास पोहोचल्यास मन स्थिर होण्यास अवसर मिळतो.

प्रत्यक्ष वर्तन : दालनात अनुमती घेऊन प्रवेश करावा, अध्यक्षांस व सदस्यांस अभिवादन करावे आणि सांगितल्यावर आसन ग्रहण करावे. प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा. तो न समजल्यास पुन्हा विचारण्याची विनंती करण्यात कमीपणा नाही. उत्तर देताना दृष्टी प्रश्नकर्त्याकडे असावी, मात्र इतर सदस्यांकडे दुर्लक्ष होऊ नये.

उत्तरात सर्वसाधारण विशेषणांपेक्षा प्रत्यक्ष उदाहरणास अधिक मोल असते. ‘मी सर्वांबरोबर मिळून काम करतो’, या विधानावरून समितीस काहीच ठरविता येत नाही. याउलट, महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील पुस्तकांची मोजदाद करताना कामाची वाटणी कशी केली, कोठे चूक झाली व ती कशी दुरुस्त केली, हे सांगितल्यास उमेदवाराच्या गुणांचा पुरावाच समोर येतो. उत्तर ठाऊक नसल्यास तसे सरळ सांगावे. तर्क करावयाचा असल्यास तो तर्क आहे हे स्पष्ट करावे. सदस्याशी मतभेद असल्यास तो कारणांसह व सौम्य शब्दांत मांडावा. पूर्वीच्या नियोक्त्याची निंदा, वयाची वा अनुभवाची खोटी माहिती, पाठ केलेली उत्तरे आणि अतिविनय ही टाळावीत. वेतनाचा विषय निघाल्यास अपेक्षा संकोच न करता सांगावी. अखेरीस आभार मानून शांतपणे बाहेर पडावे.

मर्यादा : मुलाखत घेणाऱ्याचा निर्णय नेहमीच अचूक असतो असे नाही. एका ठळक गुणाच्या प्रभावाखाली व्यक्तीचे इतर गुणही चांगले मानण्याची प्रवृत्ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ली थॉर्नडाइक (१८७४–१९४९) यांनी १९२० मध्ये दाखवून दिली. तीस ‘वलय परिणाम’ म्हणतात. सफाईदार बोलणे, विशिष्ट उच्चार किंवा उंची पोशाख यांमुळे असा परिणाम संभवतो आणि ग्रामीण भागातील वा प्रथमच नोकरी शोधणाऱ्या उमेदवारावर त्यामुळे अन्याय होऊ शकतो. सर्व उमेदवारांस पदाशी निगडित असे समान प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण दिल्यास मुलाखत अधिक विश्वसनीय ठरते, असे संशोधनांत आढळले आहे. [⟶ मानसिक कसोट्या].

मुलाखतीच्या गुणांवर न्यायालयांनीही मर्यादा घातल्या आहेत. हरयाणातील नागरी सेवा भरतीविषयीच्या अशोक कुमार यादव प्रकरणात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने तेथील मुलाखतीच्या गुणांचे प्रमाण अवाजवी ठरविले आणि सर्वसाधारण उमेदवारांसाठी ते १२.२ टक्क्यांहून अधिक नसावे, असे म्हटले. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट क व गट ब (अराजपत्रित) या कनिष्ठ पदांच्या भरतीतील मुलाखती बंद केल्या.

या मर्यादा लक्षात घेता, समितीवर छाप पाडणे हे उमेदवाराचे उद्दिष्ट असू नये. तिला योग्य निर्णय घेता यावा इतकी खरी व नेमकी माहिती देणे हेच त्याच्या हिताचे असते. आविर्भावाने पदरात पडलेले पद पुढे पेलावे लागते आणि ते न पेलल्यास हानी उमेदवार व संस्था या दोहोंची होते. उमेदवारास धीराने बोलू देणे, त्याच्या जातीधर्मावरून, खाजगी जीवनावरून वा उच्चारांवरून त्यास न हिणविणे आणि निर्णय वेळेत कळविणे ही समितीचीही कर्तव्ये होत. मुलाखतीतील सौजन्य हे दोन्ही बाजूंनी पाळावयाचे असते.