उंदीर कमी पितो, पण का? सायकेडेलिक द्रव्ये आणि मद्यासक्तीचे प्राणिसंशोधन

पिंजऱ्यात दोन बाटल्या टांगलेल्या असतात. एकीत साधे पाणी, दुसरीत मद्यार्क मिसळलेले पाणी. उंदराने कोणत्या बाटलीतून किती प्यायले, हे बाटल्यांचे वजन करून नोंदवायचे, एवढाच हा प्रयोग. व्यसनाच्या संशोधनात ही पद्धत अनेक दशके वापरात आहे. 'सी५७ ब्लॅक ६' या वाणाचे लहान उंदीर त्यासाठी विशेष पसंत केले जातात, कारण कोणीही भाग न पाडता ते मद्याचीच बाटली जवळ करतात. 'डीबीए' वाणाचे उंदीर मात्र तिच्याकडे सहसा फिरकत नाहीत. अशा मद्यप्रेमी उंदरांना एलएसडी किंवा काही जातींच्या मशरूममध्ये आढळणारे सायलोसायबिन दिले, तर त्यांचे पिणे कमी होते का, हा प्रश्न युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांत आता गांभीर्याने विचारला जात आहे.

माणसांवरील चाचण्यांचे निकाल हाताशी असताना पुन्हा उंदरांकडे कशासाठी वळायचे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर त्या चाचण्यांच्याच एका उणिवेत आहे. २०२२ मध्ये 'जामा सायकायट्री' या नियतकालिकात न्यूयॉर्क विद्यापीठातील मायकेल बोगेनशूट्झ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मद्यासक्त रुग्णांना मानसोपचाराच्या जोडीने सायलोसायबिनच्या दोन मात्रा दिल्या गेल्या. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला डायफेनहायड्रामिन हे अॅलर्जीवरचे नेहमीचे औषध दिले गेले. पुढील ३२ आठवड्यांत अतिमद्यपानाच्या दिवसांचे प्रमाण सायलोसायबिनच्या गटात ९.७ टक्के, तर दुसऱ्या गटात २३.६ टक्के राहिले. फरक मोठा होता. पण आपल्याला कोणते औषध मिळाले, हे जवळजवळ सर्वच सहभागींनी अचूक ओळखले होते. भिंती श्वास घेताना दिसू लागल्यावर 'हे अॅलर्जीचे औषध असावे' असे कोणाला वाटणार? मग सुधारणा औषधाने झाली, की 'आपल्याला खरे औषध मिळाले' या विश्वासाने आणि न मिळालेल्यांच्या हिरमोडाने, हे वेगळे काढणे अवघड होऊन बसते.

उंदराने वर्तमानपत्र वाचलेले नसते. त्याला कसली आशा नसते आणि त्याचा हिरमोडही होत नाही. औषध दिल्यावर त्याचे पिणे घटले, तर त्याचे श्रेय मेंदूतील रासायनिक बदलालाच द्यावे लागते. प्राणिसंशोधनाचे खरे मोल येथे आहे, आणि पुढे दिसेल तशी त्याची मर्यादाही येथेच आहे.

ही कल्पना मुळात नवी नाही. १९५० च्या दशकात कॅनडातील सस्काचेवान प्रांतात हम्फ्री ऑस्मंड यांनी मद्यासक्तांवर एलएसडीचे उपचार केले होते. 'सायकेडेलिक' हा शब्दही त्यांचाच. त्या काळातील सहा नियंत्रित चाचण्यांतील ५३६ रुग्णांची माहिती २०१२ मध्ये नॉर्वेतील दोन संशोधकांनी एकत्र तपासली, तेव्हा एलएसडी घेतलेल्यांपैकी ५९ टक्के, तर इतरांपैकी ३८ टक्के रुग्णांत सुधारणा आढळली. दरम्यान कायद्याने दारे बंद झाली आणि संशोधन काही दशके थिजले.

ते पुन्हा सुरू झाले तेव्हा पहिले उत्साहवर्धक चित्र दोन बाटल्यांच्या प्रयोगातूनच समोर आले. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी 'सी५७' उंदरांना एलएसडीची एकच मात्रा दिली. शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मायक्रोग्रॅम मिळालेल्या उंदरांनी २० टक्के मद्यार्काच्या बाटलीकडे जाणे कमी केले आणि हा परिणाम ४६ दिवस टिकला. निम्म्या मात्रेने असे झाले नाही. पुढे २०२३ मध्ये याच धर्तीवर सायलोसायबिन तपासले गेले, तेव्हा नरांचे पिणे घटले, माद्यांचे घटले नाही. पूर्वीचे कितीतरी प्रयोग केवळ नरांवरच झालेले असल्याने हा निकाल विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तथापि मद्याची आवड म्हणजे व्यसन नव्हे. संध्याकाळी ग्लास हाती घेणारा प्रत्येक जण मद्यासक्त नसतो, तसेच उंदरांचेही आहे. व्यसनाची खरी परीक्षा दारू सुटल्यानंतर होते. महिनाभर न पिता राहिलेला माणूस एका लग्नसमारंभात पुन्हा ग्लास उचलतो आणि पूर्वीपेक्षा अधिक पिऊ लागतो, हे अनेक घरांनी पाहिलेले असते. रॅट जातीच्या मोठ्या उंदरांतही हे घडते. त्यांना दीर्घकाळ मद्य उपलब्ध करून दिले, मग काही आठवडे ते काढून घेतले आणि पुन्हा ठेवले, तर पहिले काही दिवस ते अधाशासारखे पितात. जर्मनीतील मानहाइम येथील मानसिक आरोग्य संस्थेत राइनर श्पानागेल यांच्या गटाने नेमकी हीच कसोटी लावली. खंडाच्या काळात सायलोसायबिन व एलएसडी देऊन पाहिले. मोठ्या मात्रा दिल्या, सूक्ष्म मात्राही दिल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराशाजनक होता. टिकाऊ परिणाम कोणत्याच पद्धतीने साधला नाही. जो काही दिसला, तो अल्पजीवी ठरला.

आणि पुढच्याच वर्षी त्याच संस्थेतून वेगळा निकाल आला. या वेळी उंदरांना मद्यार्काच्या वाफेत ठेवून त्यांच्यात प्रत्यक्ष शारीरिक अवलंबित्व निर्माण केले गेले होते. अशा उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात, जेथून आवेगांना आवर घातला जातो तेथे, ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचा 'एमग्लूआर२' नावाचा रिसेप्टर घटलेला आढळतो. ब्रेक झिजलेल्या मोटारीसारखी ही अवस्था. सायलोसायबिन दिल्यावर हा रिसेप्टर पूर्ववत होऊ लागला आणि पुन्हा पिण्याकडे वळण्याची वृत्तीही कमी झाली. दोन्ही निकाल एकत्र वाचले, तर औषधाचा उपयोग मेंदूची किती आणि कोणती हानी झालेली आहे यावर अवलंबून असावा, असे म्हणण्यास जागा राहते. मात्र ही तूर्त शक्यताच आहे.

२०२४ मध्ये फ्रान्सच्या आमियां शहरातील मिकाएल नासिला यांच्या गटाने आणखी एक विलक्षण निरीक्षण 'ब्रेन' या नियतकालिकात मांडले. मद्य मिळवण्यासाठी कळ दाबायला शिकलेल्या उंदरांनी सायलोसायबिननंतर ती कळ दाबणे सुमारे निम्म्यावर आणले. औषध थेट मेंदूत, सुखाच्या प्रेरणेशी निगडित 'न्यूक्लियस अॅक्युम्बन्स' या केंद्रात सोडले, तेव्हाही परिणाम झाला. पण केवळ डाव्या बाजूला. उजव्या बाजूला सोडल्यास काहीच नाही. शिवाय डाव्या केंद्रातील सेरोटोनिनचा '२ए' रिसेप्टर आधीच बंद करून ठेवला, तर औषध निष्प्रभ ठरले. सायकेडेलिक द्रव्यांमुळे होणारे भासही याच रिसेप्टरच्या मार्गाने घडतात.

त्यातूनच या क्षेत्रातला सर्वांत तापलेला वाद उभा राहतो. भास हा उपचाराचा गाभा आहे की केवळ उपपरिणाम? उंदराला काय 'दिसते' हे कोणी सांगू शकत नाही. ही द्रव्ये दिल्यावर तो डोके झटकतो, त्यावरून संशोधक अंदाज बांधतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील डेव्हिड ओल्सन यांच्या गटाने आयबोगेन या वनस्पतिजन्य द्रव्यावरून 'टॅबर्नॅन्थालॉग' हे संयुग तयार केले. त्याने उंदीर डोके झटकत नाहीत, पण २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांचे मद्य पिणे मात्र घटले. न्यूयॉर्कच्या चाचणीतील रुग्णांना बारा आठवडे समुपदेशन मिळाले होते. पुण्याच्या मुक्तांगणासारख्या केंद्रांतही उपचाराचा मोठा भाग संवादाचाच असतो. पिंजऱ्यातील उंदराशी कोणी बोलत नाही. तेव्हा अनुभव आणि संवाद यांच्या एकत्र येण्यातून काही घडत असेल, तर ते या प्रयोगांच्या जाळ्यात सापडणारच नाही.

उंदरांवरून माणसांविषयी किती बोलावे, याबाबत या क्षेत्राचा पूर्वानुभवही संमिश्र आहे. नाल्ट्रेक्सोनचे यश आधी प्राण्यांत दिसले, नंतर माणसांत सिद्ध झाले आणि १९९४ मध्ये अमेरिकेत त्याला मद्यासक्तीसाठी मान्यता मिळाली. याउलट 'सीआरएफ' या ताणाशी संबंधित रसायनाला रोखणारी औषधे अवलंबित्व आलेल्या उंदरांत प्रभावी ठरली, पण गेल्या दशकात माणसांवरील चाचण्यांत त्यांनी मद्याची ओढ कमी केली नाही. सायलोसायबिनचीही वाट सरळ नाही. झुरिकमध्ये ३७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत एका मात्रेमुळे मद्याविना राहण्याच्या काळात लक्षणीय फरक पडला नाही.

असे असूनही सूक्ष्म मात्रा स्वतःच घेऊन पाहणाऱ्यांची चर्चा सिलिकॉन व्हॅलीत आता नवलाची राहिलेली नाही. ओरेगन व कोलोराडो या राज्यांनी देखरेखीखालील सायलोसायबिन सेवांना वाट करून दिली असली, तरी अमेरिकेच्या संघीय कायद्यात ते पहिल्या अनुसूचीतील निषिद्ध द्रव्य आहे, आणि व्हिसा वा ग्रीन कार्डावर राहणाऱ्यांचे प्रश्न संघीय कायद्यानेच निकालात निघतात. ब्रिटनमध्ये ते 'अ' वर्गात मोडते, भारतात एनडीपीएस कायद्याखाली. स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला तीव्र मानसविकार असलेल्यांना बहुतेक चाचण्यांत प्रवेशच दिला जात नाही. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एखाद्या नव्या उपायाच्या भरवशावर दारू एकाएकी बंद केली, तर झटके येऊ शकतात, भ्रमावस्था उद्भवू शकते, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. त्यामुळे ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी लागते. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट आणि डायसल्फिराम ही अमेरिकेत मान्यता असलेली तीन औषधे आजच उपलब्ध आहेत, आणि त्यांविषयी नेहमीच्या डॉक्टरांनाही विचारता येते.